उत्तर भिंतीवरची पाटी

९ जानेवारी १९८७, शुक्रवार

ताई,

पत्र सुरू करताना तब्येत विचारायची असते, ती विचारली असं समज. माझं डोकं आज ठिकाणावर नाही. दुपारचे पावणेतीन वाजलेत, हाताला अजून व्हिनेगरचा वास येतोय आणि ही म्हणते आधी जेवा. जेवण जात नाही.

येत्या बारा एप्रिलला चर्चला सव्वाशे वर्षं होतात, त्यानिमित्त कमिटी इतिहास छापतेय, हे तुला कळवलं होतं. लिहिणारा आमचा सेक्रेटरी. मी त्याला गॅलिस म्हणतो, कारण पँट खांद्यावरच्या पट्ट्यांना टांगून फिरतो. आता पाद्रीसाहेबसुद्धा चुकून तेच म्हणतात. जहाज कंपनीतून निवृत्त झाला, मायदेशी कोणी बोलावलं नाही, म्हणून इथेच राहिला. वर्षभर त्याने इतिहास लिहिला म्हणजे काय केलं, तर मागच्या खोलीत खुर्ची टाकून मला विचारलं. पहिला पाद्री कधी उतरला? मी सांगितलं. आग कधी लागली? मी सांगितलं. १८८१, मार्चची सहा तारीख, रविवार, संध्याकाळची प्रार्थना, अकरा माणसं गेली. मागच्या खोलीतल्या दिव्याने पेट घेतला, ते दार गेलं, बाकीचे खिडक्यांतून निघाले. जुन्या वह्या लोखंडी पेटीत होत्या म्हणून वाचल्या, कडा करपल्यात. त्या सगळ्या मी वाचल्यात, दोनदा. शाळा सातवीत सुटली, डिक्शनरी मिळाली तीही पहिली दोन अक्षरं वाळवीने खाल्लेली, 'सी'पासून सुरू होणारी. तरी वाचल्या.

एक गंमत म्हणून त्याला १८७९ सालचा ठरावही दाखवला होता. नोव्हेंबर, ठराव क्रमांक चौदा. गाडीवान आणि फेरीवाले प्रार्थनेच्या वेळी आत डोकावतात, सबब पश्चिमेचं मोठं दार प्रार्थना चालू असताना कुलूपबंद ठेवावं आणि किल्ली थोरल्या वॉर्डनच्या खिशात असावी. वॉर्डन म्हणजे मंडळींनी आपल्यातूनच निवडलेला कारभारी. बघ, इथली परदेशी मंडळी देवाशी बोलायलाही कडी लावून बसायची. गॅलिस म्हणाला, "असलं बारीकसारीक कोण वाचणार?" गाळलं त्याने.

आज सकाळी टायपिस्टच्या टेबलावर छपाईची पानं पडली होती. पान शेहेचाळीस. तुझ्यासाठी आपल्या भाषेत उतरवतो, एक शब्द इकडचा तिकडे नाही:

"उत्तर भिंतीवरची सर्वांत जुनी स्मरणपाटी देशी नोकरांच्या निष्काळजीपणामुळे आज वाचता येत नाही."

निष्काळजीपणा! ताई, त्या भिंतीवर आणि बाकी इमारतीत मिळून एकतीस पितळी पाट्या आहेत. दर शुक्रवारी सकाळी सात ते साडेदहा. विटेची वस्त्रगाळ पूड, व्हिनेगर, जुनी फलालीन. आजोबांनी हेच केलं, बाबांनी हेच केलं, मी सव्वीस वर्षं करतोय. ताप असला तरी केलंय. पाटी क्रमांक एकला तर बाबांनी शिकवलेली खास पद्धत आहे: पूड जरा जाडी घ्यायची, सुरुवात खालून करायची, खालच्या चार ओळींना दुप्पट दाब, कारण ओल खालून चढते. ज्या पाटीची सगळ्यांत जास्त काळजी घेतली, तिच्यावरून आम्ही निष्काळजी?

आता तुझं काम. तू लहानपणी ती पाटी वाचलेली आहेस, बाबा एकदा बोलून गेले होते. वरच्या ओळी मला अजून ओळखू येतात, "पवित्र स्मृतीस", "अकरा", "रहिवाशांनी". खालच्या चार ओळी मी कामाला लागलो तेव्हाच गेलेल्या होत्या. त्या आठवून लिहून पाठव. गॅलिसच्या तोंडावर पूर्ण मजकूर मारतो आणि तो शब्द काढायला लावतो. चौतीस पानांची माहिती माझ्याकडून घेतलीस आणि नोकर निष्काळजी? पुस्तकात माझं नाव नको. तो शब्द नको, बस.

तुझा,
बापू


१७ जानेवारी

चि. बापू,

आशीर्वाद. तब्येत बरी आहे, विचारलीस असं समजले.

पत्र वाचून दाखवलं तर सूनबाई म्हणाली, मामा लिहितात तेव्हासुद्धा ओरडतात. तुझ्या जावयासारख्या शांत माणसाकडून थोडं शीक. अरे, पाटी झिजली तर झिजली. शंभर वर्षं झाली तिला. त्या पुस्तकाच्या दोनशे प्रती निघणार, त्यातल्या दीडशे त्याच कपाटात तुलाच झटकायला लागणार. पान शेहेचाळीसपर्यंत वाचत कोण जातंय?

मजकूर मला आठवत नाही. तेव्हा मी नऊ वर्षांची होते. उगाच चुकीचं काही सांगून तुला तोंडघशी कशाला पाडू?

निवृत्तीला तुला चार वर्षं राहिली. मागच्या आवारातली खोली त्यानंतरही मिळेल असं पाद्रीसाहेब म्हणाले होते ना? मग गॅलिसशी कशाला लागतोस. गुडघ्याला तेल लावत जा.

ताई


२५ जानेवारी

ताई,

तुझं पत्र मी बाजूला ठेवलं, परत घेतलं, परत ठेवलं.

तीस वर्षं तू टेलिफोन एक्सचेंजमध्ये होतीस. तुझ्या गावच्या डॉक्टरचा नंबर दोन आकडी होता तेव्हाचा तुला पाठ आहे. मागच्या दिवाळखोर कापडवाल्याचा, सर्कस उतरायची त्या हॉटेलचा, सगळे. माझ्या लग्नात कोणी कुठल्या रंगाचं नेसलं होतं ते तू सांगतेस. आणि ज्या पाटीवर तू इंग्रजी अक्षरं जुळवलीस तिच्या चार ओळी आठवत नाहीत? कोणाला सांगतेस?

तुला आठवतात. तुला सांगायच्या नाहीत. का, ते तुलाच ठाऊक.

तू विसाव्या वर्षी लग्न करून निघून गेलीस. इथे मागे कोण राहिलं? बाबांचे हात शेवटी थरथरायचे, चमचा धरवत नव्हता, तरी शुक्रवारी पाटी क्रमांक एकपुढे खुर्ची ठेवायला लावायचे. मला बाकीच्या तीस. ती एक त्यांची. मला म्हणायचे, "तू ह्याच्यात पडू नकोस, तुला जमायचं नाही." बारा वर्षांचा असताना ऐकलं, पंचविसाव्या वर्षीही ऐकलं. जाण्याआधी पंधरा दिवस फलालीन माझ्या हातात दिली, तेव्हा ही एवढी छाती झाली होती माझी. वाटलं, चला, आता माणसाने विश्वास टाकला.

त्या माणसाला मेल्यावर सव्वीस वर्षांनी निष्काळजी म्हणून छापतायत. आणि त्याची थोरली मुलगी मला गुडघ्याला तेल लाव सांगते.

परवा गॅलिसला विचारलं. अदबीने विचारलं, तुझी शपथ. म्हटलं, साहेब, हा शब्द बदला. "जास्त घासल्यामुळे" लिहा, ते खरं आहे. हसून म्हणाला, "एकच की रे ते!" एकच? एकच कसं?

पुस्तक मार्चच्या शेवटी छापून येणार. मजकूर पाठव, नाहीतर स्पष्ट लिही की पाठवत नाही.

बापू


८ फेब्रुवारी

बापू,

ही चौथी चिठ्ठी आहे. आधीच्या तीन चुलीत गेल्या.

तीस वर्षं मी लोकांची बोलणी ऐकून न ऐकल्यासारखी केली. कोणाचं लग्न मोडलं, कोणाचं दुकान बुडालं, कोणाचा मुलगा कुठे सापडला. एक शब्द बाहेर नाही. पण त्या नोकरीच्या आधीपासून एक गोष्ट पोटात आहे, बाबांनी ठेवायला दिलेली.

मला आठवतं. एकेक अक्षर आठवतं. घे:

"पवित्र स्मृतीस. ६ मार्च १८८१ रोजी ह्या वास्तूत लागलेल्या आगीत देवाघरी गेलेल्या अकरा जणांच्या. येथील इंग्लिश रहिवाशांनी उभारली." ह्या तुझ्या वरच्या ओळी. आणि ह्या खालच्या चार:

"पश्चिम दारावरच्या देशी रखवालदाराच्या निष्काळजीपणामुळे, जो किल्लीसह आपल्या जागी नव्हता, ह्यांचे प्राण गेले. प्रभू त्याला क्षमा करो, आम्हांस ते जड जाते."

रखवालदार कोण ते तुला सांगायला नको. पणजोबा आगीत गेले एवढंच तुला माहीत आहे. ते आगीत नाही गेले, आगीनंतर तिसऱ्या दिवशी गेले. दार बाहेरून दगडाने फोडत होते. किल्ली त्यांच्याकडे नव्हतीच. दाराच्या लोखंडी पट्ट्या तापल्या होत्या, हात त्यांना चिकटले. आजोबा सात वर्षांचे होते, त्यांनी ते हात पाहिले.

बावीस वर्षांचे झाल्यावर आजोबा तिथेच कामाला लागले. पितळ घासायला. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. बापू, आठ महिने ते ती पाटी आरशासारखी करत होते. आल्यागेल्याने शाबासकी दिली. मग कोणा कारकुनाने त्यांना अक्षरं शिकवली आणि एका शुक्रवारी त्यांनी ती वाचली.

छिन्नी घेतली असती तर त्याच दिवशी हाकलले गेले असते, वर तुरुंग. त्यांनी पूड बदलली. वस्त्रगाळ नाही, जाडी. आणि खालून सुरुवात. घासणाऱ्या नोकराला कोणी रागावत नाही, असं ते बाबांना म्हणाले होते. छत्तीस वर्षं त्यांनी घासली, एकोणतीस वर्षं बाबांनी. ओलबिल काही चढत नाही रे. ती तुला सांगायची गोष्ट होती.

नऊ वर्षांची असताना मी मोठ्याने अक्षरं लावत शेवटच्या ओळीपर्यंत आले, तेव्हा अर्धी अस्पष्ट होती तरी लागली. बाबांनी हात माझ्या तोंडावर ठेवला. मग पायरीवर बसवून सगळं सांगितलं आणि म्हणाले, बापूला कळू द्यायचं नाही. त्याचं डोकं तापट. हे काम ज्याला सावकाश राग येतो त्याचं आहे.

तू विचारतोस, मी का सांगत नव्हते. आता तुला कळलं. जे पुसायला तीन पिढ्या गेल्या, तेच तू माझ्याकडून लिहून मागत होतास, गॅलिसला नेऊन द्यायला.

ताई


१४ फेब्रुवारी

ताई,

तीनदा वाचलं. हिलाही वाचून दाखवलं. तिने उठून माझी फलालीन बादलीतून काढली आणि दोरीवर टाकली.

आधी बाबांचं. मी बारा वर्षांचा तापट होतो, ठीक. पंचवीस वर्षांचा होतो तेव्हाही? मरताना फलालीन दिली तेव्हाही? सव्वीस वर्षं, वर्षाचे बावन्न शुक्रवार, सुट्ट्या सोडून तेराशे वेळा मी पणजोबांसाठी सूड घेतला आणि मला वाटत होतं मी ओल काढतोय. मला ते सांगितलं असतं तर मी वेगळं काय केलं असतं? हे लिहिताना माझं उत्तर मलाच कळलं, म्हणून ते वाक्य पुरं करत नाही. पण राग आहे. तुझ्यावरही आहे. राहू दे.

आता काम.

माझं पहिलं पत्र काढ. ठराव क्रमांक चौदा, नोव्हेंबर १८७९. किल्ली थोरल्या वॉर्डनच्या खिशात असावी. मी गंमत म्हणून लिहिलं होतं! मी, जो दोनदा वाचल्याची फुशारकी मारतो, त्याने ते गंमत म्हणून वाचलं!

काल दिवसभर वह्या काढून बसलो. जे कागदावर आहे तेवढंच सांगतो. एक: ठराव रद्द झाल्याची नोंद आगीच्या दिवसापर्यंत कुठेही नाही. दोन: १८८१ साली थोरला वॉर्डन कोण, त्याची सही जानेवारीच्या सभेखाली आहे. तीन: दफनाच्या वहीत अकरा नावं आहेत, त्यात तो नाही. चार: सप्टेंबरच्या दोन तारखेच्या सभेत पाटीचा मजकूर मंजूर झाला, शब्द वहीत उतरवलेले नाहीत, पण तो मांडणारा आणि खाली सही करणारा तोच.

दारावरचं कुलूप अजून तेच आहे. आतून-बाहेरून एकच किल्ली लागते. ती त्या रात्री त्याच्या खिशात होती. तो कुठे होता? मला माहीत नाही आणि जे माहीत नाही ते मी लिहीत नाही. पण आत नव्हता, कारण आत असता तर किल्लीने दार उघडलं असतं, आणि दार बंद होतं.

दक्षिण भिंतीवर त्याची संगमरवरी पाटी आहे. "विश्वासू कारभारी." दर बुधवारी मी ती कोरड्या फडक्याने पुसतो. त्याच पाटीवर बाबांनी मला अक्षरं शिकवली! आता कळलं, मला त्या भिंतीला का बसवायचे.

छिन्नी घरात आहे. धार लावलेली आहे. सांग काय करू.

बापू


२० फेब्रुवारी

बापू,

छिन्नीला हात लावशील तर तोंड पाहणार नाही. ज्या चार ओळी गेल्याच आहेत त्यावर काय छिन्नी चालवणार? वेडा आहेस का?

तुझ्याकडे आता जे आहे ते आजोबांकडे नव्हतं, बाबांकडे नव्हतं. कागद आहे. त्यांना फक्त ठाऊक होतं, तुला दाखवता येतं. चारही नोंदी स्वच्छ अक्षरात उतरव, पान नंबर घाल. पाद्रीसाहेबांना आधी दाखव, मग कमिटीला. आणि हे बघ, आवाज चढवू नकोस. तुझा आवाज चढला की समोरच्याला नुसता आवाज ऐकू येतो, म्हणणं नाही. हे मी तीस वर्षं हेडफोन लावून शिकले.

बाबांचं म्हणशील तर तुझा राग बरोबर आहे. माझ्यावरचाही. तो घेऊन ये इकडे कधीतरी, समोर बसून भांड.

ताई


५ एप्रिल

ताई,

आवाज चढवला नाही. त्याचा उपयोगही झाला नाही.

पाद्रीसाहेबांनी कागद वाचला, दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "अरेरे." हा माणूस वाईट नाही. पण त्याची बदली पुढच्या वर्षी आहे आणि अरेरेच्या पुढे तो जात नाही. कमिटीची सभा अठ्ठावीस मार्चला झाली. मला दाराशी उभं केलं. गॅलिसच्या पुढ्यात छापील पुस्तकांचा गठ्ठा होता, दोरी अजून सुटली नव्हती.

तू पाठवलेला मजकूर आणि चारही नोंदी मी वाचल्या. माझ्या इंग्रजीत, सावकाश. मला वाटलं, झालं काम.

गॅलिस म्हणाला, "फारच कसून काम केलंस. पण तू हा मजकूर आणलास हे बरं झालं, आमच्याकडच्या प्रतीशी तो जुळतो."

म्हटलं, "तुमच्याकडची कुठली प्रत?"

त्यांच्या मायदेशच्या दप्तरखान्यात १८८१ साली पाठवलेली नक्कल होती, ताई. त्याने जानेवारीतच पत्र टाकून मागवली होती. आणि ती नुसती पुस्तकात घातलेली नाही. नवी पितळी पाटी कोरून आणलीय, जुन्याच मापाची, जुन्याच मजकुराची. जुनी काढून तिच्या जागी लावायची. सव्वाशे वर्षांची भेट.

मी म्हटलं, "साहेब, तो मजकूर खोटा आहे हे मी आत्ताच तुमच्याच वहीतून वाचलं."

"खोटा-खरा आम्ही कोण ठरवणार? तो इतिहास आहे. जसा होता तसा जपायचा."

"मग ठराव चौदाही इतिहासच आहे. तो शेजारी लावा. कागदावर लिहून लावा, पितळ नको. मी लिहितो."

"भिंतीवर गर्दी होईल."

"पुस्तकात एक चिठ्ठी चिकटवा."

"दोनशे पुस्तकांत? आणि आता कोणाचं काय बिघडलंय त्याने? तो रखवालदार कोण होता हेसुद्धा कोणाला माहीत नाही."

म्हटलं, "माझा पणजोबा होता."

तेव्हा बाकीच्यांनी माना खाली घातल्या. गॅलिसने नाही घातली. तो म्हणाला, "मग तर तुम्हां लोकांचा ह्या चर्चशी केवढा जुना संबंध! हे माहीत असतं तर पुस्तकात घातलं असतं." आणि खरंच, ताई, तो चेष्टा करत नव्हता. छिन्नी घरी होती हे बरं झालं.

जाता जाता पाद्रीसाहेबांनी विचारलं, नव्या पाटीला वॉर्निश का नाही? तर गॅलिस म्हणतो, "कशाला? आपला माणूस आहे ना घासायला."

पाटी परवा मी लावली. चार पितळी स्क्रू, पाणसळ धरून, अगदी सरळ. उद्घाटनाचा पडदाही मीच शिवून घेतला.

बापू


९ एप्रिल

बापू,

तू लावलीस?

स्वतःच्या हाताने? पाणसळ धरून? अरे, त्या शब्दावर आजोबांची नखं झिजली. बाबांचे हात थरथरत होते, तरी खुर्ची टाकून बसायचे, असं तूच मला लिहिलंस ना? आणि तू ते नवंकोरं करून, सरळ रेषेत टांगलंस, वर पडदा शिवलास? लाज कशी वाटली नाही? नाही म्हणायला तोंड नव्हतं? तुला तापट म्हणून आम्ही तुझ्यापासून लपवलं. उगाच लपवलं. तापट कुठला, तू तर पाळलेला निघालास.

आणि आता काय, दर शुक्रवारी जाडी पूड? तू एकावन्न वर्षांचा आहेस. चार वर्षांत किती झिजवशील? नव्या पितळाला काय होणार त्याने? तुझ्यानंतर घासायला आपल्यातलं कोणी नाही.

सोड ती नोकरी. सोड ती खोली. इथे माडीवर दोन खोल्या रिकाम्या आहेत. दोघंही निघून या. आल्याशिवाय मला पत्र लिहू नकोस.

ताई


१६ ऑक्टोबर, शुक्रवार

ताई,

लिहू नकोस म्हणालीस म्हणून सहा महिने लिहिलं नाही. काही सांगण्यासारखं होईपर्यंत मीही थांबलो होतो. पाळलेला हा शब्द मी विसरलेलो नाही. तो विसरण्यासारखा नाही, आणि तो लिहायला तुला किती राग आला असेल तेही कळतं.

पाटी मी लावली, कारण मी नसती लावली तर बाहेरच्या सुताराने लावली असती, वाकडी लावली असती, आणि मला "काम नाकारलं" म्हणून त्याच आठवड्यात घालवलं असतं. मला आत राहायचं होतं.

आता ऐक. बाबांनी मला सावकाश राग येत नाही असं ठरवलं होतं. तेरा एप्रिलपासून आजपर्यंत मी त्या पाटीला बोट लावलेलं नाही.

दर शुक्रवारी सात वाजता सुरू करतो. तीस पाट्या. वस्त्रगाळ पूड, एवढी स्वच्छ की पाद्रीसाहेब त्यात बघून कॉलर नीट करतात. पाटी क्रमांक एकशी आलो की बादली उचलतो आणि पुढे जातो. मे महिन्यात ती पिवळी होती. जूनमध्ये तपकिरी झाली. मग ओल आली. ओल खरंच खालून चढते, ताई, बाबा खोटं नव्हते बोलत! खालच्या चार ओळी आधी हिरव्या पडल्या, आता काळ्या आहेत. वरचं "पवित्र स्मृतीस" अजून वाचता येतं. अकरा जणांवर माझा राग नाही.

ऑगस्टमध्ये गॅलिसच्या लक्षात आलं. तिकडून कोणी पाहुणे आले होते, त्यांना पाटी दाखवायला नेलं आणि खालचं काही वाचता येईना. मला बोलावलं. पाहुण्यांसमोर म्हणाला, "सगळ्या झळकतायत, हीच अशी कशी?"

मी म्हटलं, "निष्काळजीपणा, साहेब."

"काय?"

"देशी नोकरांचा निष्काळजीपणा. पुस्तकात आहे. पान शेहेचाळीस."

पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्या बाईने लगेच पुस्तक उघडून पान काढलं. वाचलं, पाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मला विचारलं, नक्की काय भानगड आहे? मी ठराव क्रमांक चौदाची नक्कल खिशातच ठेवतो. ती तिने उभ्या उभ्या वाचली आणि बॅगेत घालून नेली. पुढे काय करेल मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी गॅलिस स्वतः पॉलिशचा डबा घेऊन आला. वीस मिनिटं घासलं. डावी पट्टी खांद्यावरून घसरली, श्वास लागला, वरची एक ओळ उजळली. पुढच्या आठवड्यात तीही पुन्हा मंदावली. हे काम दर शुक्रवारचं आहे, त्याला काय ठाऊक?

मग कमिटीने मला काढायचं ठरवलं. मी म्हटलं, काढा. फक्त कारण लेखी द्या, ठराववहीत घाला, म्हणजे पाटी क्रमांक एक पुसायला मी का नकार देतो ते माझं उत्तरही नियमाप्रमाणे त्याच वहीत, त्याच पानावर घालावं लागेल. नियम त्यांचाच आहे, १८९३ सालचा. वह्या मी दोनदा वाचल्यात. आता तिसऱ्यांदा वाचल्या. अजून त्यांनी काही लिहिलेलं नाही. लिहिलं तर शंभर वर्षांनी जो वही उघडेल त्याला दोन्ही गोष्टी मिळतील. नाही लिहिलं तर मी आहेच, चार वर्षं. पितळाला तेवढी पुरेत.

माडीवरच्या खोल्या ठेव. येऊ, पण हाकलून नाही, निवृत्त होऊन.

एक राहिलं. रविवारी प्रार्थना सुरू झाली की मी पश्चिमेच्या मोठ्या दाराची दोन्ही कवाडं सताड उघडतो आणि खाली दगड लावतो, हलणार नाहीत असा. गॅलिस मागे वळून म्हणाला, "वारा येतोय, लाव ते." म्हटलं, येऊ दे. रस्त्यावरचे लोक आत डोकावतात, हातगाड्यांचा आवाज येतो. पाद्रीसाहेबांनी अजून एकदाही बंद करायला सांगितलेलं नाही.

मी बाहेर पायरीवर बसतो. किल्ली माझ्या खिशात असते.

तुझा,
बापू